जुना पार्ट दाखवा

अहवाल साठ पानांचा होता आणि त्याच्या एकेचाळिसाव्या पानावरचं एक वाक्य माझं होतं: 'नवीन प्रणालीमुळे काउंटरवरची एक जागा कमी करता येईल.' ते लिहिताना मला काही वाटलं नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मला चक्क बरं वाटलं होतं. सॉफ्टवेअर घेणाऱ्याला फायदे दाखवावे लागतात आणि बाकीचे सगळे फायदे 'कामात सुसूत्रता' छापाचे, गुळमुळीत होते. हा एकच कसा ठसठशीत दिसत होता. त्या जागेवर कोण बसतं हे मला ठाऊक होतं, कारण तिच्याच शेजारी स्टूल टाकून मी तो अहवाल लिहीत होते.

मी अमरावतीची. सहा वर्षं पुण्यात नोकरी केली, मग घरच्या अडचणीमुळे परत आले आणि आठ माणसांच्या एका कंपनीत लागले. व्यापाऱ्यांना आम्ही सॉफ्टवेअर बसवून देतो. खरेदी, गोदाम, ऑर्डर, पाठवणी, सगळं एका जागी; आणि हल्ली त्याच्या जोडीला ऑनलाइन दुकानही. अकोल्याचं ते दुकान म्हणजे मी एकटीने अंगावर घेतलेलं पहिलं काम. फवारणी पंपांचे सुटे भाग विकणारं दुकान होतं ते. पिस्टन, वायसर, नोझल, नळ्या, पट्टे, मोटारी, आणि पुढून अरुंद पण आत संपता संपत नाही असं गोदाम. रोज सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची आणि संध्याकाळी तशीच परत यायचं, असं माझं चाललं होतं.

दुकानाचे मालक हौशी माणूस. त्यांना ऑनलाइन दुकान का हवं होतं, ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "शेतकऱ्यानं वावरातूनच बटन दाबावं अन् पार्ट त्याच्या घरी जावा. एका वायसरसाठी अकोल्याले येऊन दिवस काहून मोडावा त्यानं?" मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या बैठकांना मी बसले होते, पण काम कशासाठी करायचं हे इतक्या सरळ कोणी सांगितलेलं मला आठवत नाही.

काउंटरवर मावशी बसायच्या. सगळं दुकान त्यांना मावशीच म्हणायचं, गिऱ्हाईकंसुद्धा. पन्नाशी ओलांडलेल्या, बार्शीटाकळीहून रोज बसने यायच्या. दुकानात लागल्या तेव्हा त्यांचं काम मागे गोदामात होतं. पडून राहिलेल्या भागांचा गंज रॉकेलने पुसायचा आणि ते निवडून डब्यांत भरायचे. काही वर्षं हेच केलं. मग एका हंगामात काउंटरवरचा माणूस काम सोडून गेला, गिऱ्हाईक खोळंबलं, आणि मावशी हात पुसत पुढे येऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या तिथेच आहेत.

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, पिस्टन द्या." मावशी उजवा हात पुढे करायच्या, तळवा वर, आणि म्हणायच्या, "जुना दाखवा." बहुतेकांना हे माहीत असायचं. ते रुमालाची गाठ सोडून आतला काळपट तुकडा त्या तळव्यावर ठेवायचे. मावशी तो फडक्याने पुसायच्या, कडेवरून अंगठा फिरवायच्या आणि मागे जाऊन बरोबर हवा तो डबा घेऊन यायच्या. कधीकधी भलताच डबा आणायच्या. "पिस्टन चांगला हाये बावा तुमचा. वायसर गेला. वायसरच न्या." पिस्टन घ्यायला आलेला माणूस बोटाच्या पेराएवढी रबरी चकती घेऊन परत जायचा, आणि मालक ते ऐकूनही काही बोलायचे नाहीत. एखाद्याने जुना भाग आणला नसेल तर मात्र मावशी द्यायच्याच नाहीत. "मंग उद्या घेऊन या." माणूस तीस मैलांवरून आलेला असायचा, चिडायचा, आवाज चढवायचा. मावशी ढिम्म. एकदा एकाने काउंटरवर हात आपटला, तेव्हा त्यांनी फक्त आपला चहाचा पेला बाजूला सरकवला.

हे सगळं मी कौतुकाने बघायचे आणि लॅपटॉपवर चौकोन काढायचे. आमच्या धंद्यात कामाचा असा नकाशा काढतात. गिऱ्हाईक येतं, हा एक चौकोन. मागणी सांगतं, दुसरा. साठा तपासा, बिल करा, माल द्या. मध्ये 'जुना भाग तपासा' असा एक चौकोन होता आणि घड्याळ लावून बघितलं तेव्हा सगळ्यांत जास्त वेळ त्यातच जात होता. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक पंपाची कंपनी निवडणार, मॉडेल निवडणार, त्या मॉडेलचे भाग फोटोसह समोर येणार. मग जुना भाग बघायचा कशाला? मी त्या चौकोनावर लाल फुली मारली. नको असलेली पायरी काढली की आमच्याकडे पाठ थोपटतात. माझीही थोपटली गेली. आणि तो चौकोन गेल्यावर मावशींकडे काही कामच उरत नव्हतं, म्हणून ते एकेचाळिसावं पान.

मी दुकानात यायला लागले त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशींनी मला विचारलं, "तू अमरावतीची हायेस ना वं?"

"हो."

"मंग असं पुण्याचं काहून बोलून राहिली?"

मी लाजले. खरं सांगायचं तर, सॉफ्टवेअरवाली वाटावं म्हणून मी तोंड आवळून बोलत होते. त्या दिवसापासून त्यांच्याशी तरी घरच्यासारखं बोलायला लागले. डबाही मग एकत्रच खाल्ला जायला लागला.

अहवाल मंजूर झाला आणि खरं हमालीचं काम सुरू झालं. दुकानातल्या एकूण एक वस्तूची यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. ही यादी दुकानात कुठेच नव्हती. कंपन्यांचे कॅटलॉग होते, तेही अर्धे. बाकी सगळं मावशींच्या डोक्यात. त्या एकेक डबा काढून सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले, असे तीन-चार आठवडे गेले. नुसतं नाव सांगून त्या थांबत नसत. हा कोणत्या पंपाला लागतो, कोणत्या हंगामापासून याच्या पेचाचा आटा बदलला, हा नसेल तर दुसरा कोणता चालतो आणि कोणता चालतो असं वाटतं पण चालत नाही, हे सगळं. चौथ्या दिवशी मध्येच थांबून म्हणाल्या, "परवा तू एक नोझल लिवलं ना, त्याले तू पितळी लिवलं. थे पितळी नाही, मुलामा हाये. सुधर." मी शोधलं. खरंच पितळी लिहिलं होतं. इतक्या वर्षांत मी अनेक हुशार माणसांबरोबर काम केलंय, पण इतकी शिस्तीची स्मरणशक्ती मी पाहिली नाही, आणि तिचा इतका कमी डामडौलही पाहिला नाही.

एका दुपारी जेवताना त्यांनी ठेचा माझ्या पोळीवर ठेवला आणि सहज विचारलं, "हे सगळं तुया मशीनमधी भरल्यावर मायं काम काय राह्यते, पोरी?"

"तुमचं काम सोपं होईन, मावशी," मी म्हटलं.

"हाव," त्या म्हणाल्या आणि हात धुवून पुढचा डबा काढायला उठल्या. मी उगीचच कीबोर्डवरचे पोळीचे तुकडे झटकत बसले.

आषाढात ऑनलाइन दुकान सुरू झालं. मालकांनी गल्लीभर पेढे वाटले. पहिलीच ऑर्डर आली ती चांदूर रेल्वेकडची, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातली, त्यामुळे मी उगाच फुशारले. पिस्टनचा संच होता. मागोमाग दर्यापूर, तेल्हारा, परतवाडा. मालक प्रत्येक ऑर्डरचं गाव मोठ्याने वाचायचे.

पंधरा दिवसांनी खोकी परत यायला लागली. 'बसत नाही.' 'लहान पडला.' 'आटा लागत नाही.' परत आलेल्या मालासाठी एक कपाट केलं, मग दुसरं. सॉफ्टवेअरवाले अशा वेळी जे करतात तेच मी केलं, वापरणाऱ्याला दोष दिला. लोकांना स्वतःच्या पंपाचं मॉडेल वाचता येत नाही का, म्हणून घरी येऊन चिडचिड केली आणि स्क्रीनवर ठळक अक्षरांत टाकलं, 'मॉडेल नीट तपासून निवडा.' खोकी येतच राहिली.

त्याच दिवसांत मालकांनी एकदा चहा पिता पिता मला सांगितलं, "मावशीले म्हनलं, दिवाळीपर्यंत राहा, मंग पाहू. आपल्या रिपोर्टात होतंच ना ते." माझ्या अहवालाप्रमाणे काम चाललंय, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी "बरं" म्हटलं. पलीकडे मावशी कोणाचा तरी तुकडा फडक्याने पुसत होत्या. "बरं" हा शब्द मात्र मी परत घेतला नाही.

मग चांदूर रेल्वेकडच्या त्या पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. तक्रारीचा नंबर माझाच होता. "म्याडम, तीनदा पार्ट आला अन् तिनई खेपा बसला नाही. वांग्याले अळी लागून राहिली. तुमीच या अन् बसवून दाखवा." आवाज असा की मलाही राग आला. येते म्हटलं. चूक त्याची आहे हे त्याच्या अंगणात उभं राहून दाखवायचं, एवढ्याच जिद्दीने मी रविवारी सकाळी स्कूटी काढली.

भाजीपाल्याचं घर होतं. ओसरीवर पंप ठेवलेला. टाकीवर कंपनीचं लेबल अजून शाबूत होतं आणि त्यावरचं मॉडेल अक्षर न अक्षर तेच, जे त्याने निवडलं होतं. आता काय बोलायचं? त्याची बायको शेजारी वांगी निवडून कॅरेटमध्ये भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "टाकीच तेवढी त्या कंपनीची राह्यली, ताई. हेड दोन सालापयले मेकॅनिकनं दुसरं बसवलं. पट्टे तिसऱ्याचे हायेत."

"मग तुम्ही ते सांगितलं का नाही?"

"तुमच्या मोबाइलमधी कुठं इचारलं तसं? मॉडेल लिवा म्हने, लिवलं."

शेजारच्या घरचा पंप बघितला. त्याचंही तेच. टाकी एकाची, हेड दुसऱ्याचं, मोटर कुठल्या तरी भंगारातली. आमच्याकडे दोन हंगाम गेले की कोणताच पंप जसा आला तसा राहत नाही. एक भाग गेला म्हणून माणूस पंप टाकून देत नाही, मिळेल ते जोडून चालता ठेवतो. मी याच मातीतली, माझ्या घरचा कूलरही तीन कंपन्यांचा मिळून झालेला आहे, आणि मी ऑनलाइन दुकानाच्या दारातच प्रश्न टांगला होता, तुमचं मॉडेल कोणतं.

मी मावशींना फोन लावला. त्या गावच्या बुद्धविहारात होत्या, मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "जुना दाखव."

मी फोटो काढून पाठवला. लगेच फोन आला. "असा नाही समजत. त्याच्याजवळ नाणं ठेव. दहाचं ठेव. रुपयाचे लय साइज हायेत, दहाचा एकच." दहाचं नाणं आमच्याकडे दुकानदार घ्यायला कुरकुर करतात, त्यामुळे ते प्रत्येक घरात पडून असतं. त्या बाईने डब्यातून मूठभर आणून दिली. एक ठेवून फोटो काढला. मिनिटभरात मावशींचा निरोप आला. हेड कोणतं, पिस्टन कोणता, आणि शेवटी, "दांडा एका अंगानं घासला हाये. म्हंजे आतला वायसर गेला. दोनी बदला. एकटा पिस्टन बदलला त पंधरा दिवसांत पुन्हा जाईन."

सोमवारी दोन्ही भाग अकोल्याहून आणले आणि मंगळवारी सकाळी कामावर जायच्या आधी मी स्वतः नेऊन दिले. दुपारी त्या माणसाचा फोन आला. "चालू झाला," म्हणाला आणि ठेवून दिला.

मालकांसमोर मी नकाशा उघडला आणि ती लाल फुली पुसली. आता ऑर्डरची पहिली पायरी अशी: जुन्या भागाचा फोटो टाका, शेजारी दहाचं नाणं ठेवा. तो फोटो मावशींच्या स्क्रीनवर जाणार, त्या भाग ठरवणार आणि मग पुढचं सगळं यंत्राने व्हायचं. अमरावतीला आमचे साहेब भडकले. मध्ये माणूस बसवायचा तर हे ऑनलाइन कसलं, म्हणाले. मी त्यांच्यावर आवाज चढवला, जो याआधी कधी चढवला नव्हता. एक हंगाम करून बघ, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. परत आलेल्या मालाची कपाटं त्याच हंगामात हळूहळू रिकामी झाली. मावशींनी स्क्रीन दोन दिवसांत शिकून घेतली आणि बोटाने फोटो मोठा करताना त्या अंगठाही तसाच कडेवरून फिरवायच्या.

पण मला आतून स्वस्थता नव्हती. एक दिवस गोदामात त्या एकट्या होत्या, तेव्हा मी सांगून टाकलं. "मावशी, तुमची जागा कमी करा, असं अहवालात मीच लिवलं होतं."

"माहीत हाये मले."

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कोन लागते? छापून आणला तवा चार दिवस काउंटरवरच पडून होता. गिऱ्हाईक नसलं की वाचो. हळूहळू वाचतो मी, पन पुरा वाचला."

मी मनात दिवस मोजले. अहवाल छापून आला तो यादीच्या आधी. म्हणजे ते सगळे आठवडे, तो प्रत्येक डबा, ते मुलामा दिलेलं नोझल, हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते स्वतःची जागा जाणार आहे हे वाचून झाल्यावर. आणि ठेचा देताना जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. मी काय उत्तर देते, एवढंच त्या बघत होत्या.

"मग मले सगळं बरोबर काहून सांगितलं तुमी?" मी विचारलं.

"चुकीचं सांगितलं असतं त चुकीचा पार्ट गेला असता," त्या म्हणाल्या. "फवारणी कोनाची थांबली असती? तुयी का मालकाची?"

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, समजूत बिमजूत काही घातली नाही. तेही बरोबरच होतं. त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली आणि त्या बाईबद्दल जितका आदर वाटला, तितकं दोन्ही एकदम मला पुन्हा कधी वाटलेलं नाही.

मी मालकांशी बोलले. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी मावशींना आत बोलावलं. मीही होते, आपणच हे जमवून आणलं अशा थाटात खुर्चीच्या टोकावर बसले होते. मालक खुशीत म्हणाले, "मावशी, ते दिवाळीचं इसरा. तुमी आता इथंच. कुठंई जायाचं नाही."

मावशी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "जा म्हनलं तवा मले कोनी इचारलं नाही. आता राहा म्हनून राहिले, तरीई कोनी इचारून नाही राहिलं."

त्या बाईला मी शेकडो प्रश्न विचारले होते. आटा किती, नळी कोणती, डबा कुठे. तुमचं काय म्हणणं आहे, हा प्रश्न त्यात एकदाही नव्हता.

मालक खुर्चीतून उठले. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "बरं मावशी, राहता का?"

"सोमवारी सांगतो," म्हणून त्या काउंटरवर परत गेल्या.

ते चार दिवस फार वाईट गेले. शनिवारी मालकांचा मला दोनदा फोन आला, "काही बोलल्या का तुमच्याजवळ?" काही बोलल्या नव्हत्या. रविवारी मी घरी बसून स्क्रीनवर येऊन पडलेले फोटो बघत होते, दहाच्या नाण्याशेजारी ठेवलेले झिजलेले तुकडे, आणि त्यातला एकही मला ओळखता येत नव्हता.

सोमवारी मावशी नेहमीच्या वेळी आल्या. पिशवी खुंटीला लावली, पाणी प्यायल्या आणि सरळ आत आल्या.

"राह्यतो," त्या म्हणाल्या. "पन तीन दिवस इथं अन् तीन दिवस घरून. इथं जे बसंन त्याले मीच शिकवीन. इतके साल बसनं आली, आता पाय दुखते माये. फोटो त बार्शीटाकळीतई दिसते ना?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. सॉफ्टवेअरमध्ये हे होऊ शकतं का, ते त्यांना माझ्याकडून हवं होतं. होत होतं. पहिल्या दिवसापासून होत होतं. शेतकऱ्याने घरून बटन दाबावं म्हणून मी ते सगळं उभं केलं होतं, आणि मावशीही घरून काम करू शकतात, हे मला त्यांनी विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.